सरपंचांचं काम काय असतं?

"सरपंचांचं काम काय असतं?" अक्षतानं विचारलं, आणि तात्यांच्या हातातला आडकित्ता सुपारीवर तसाच थांबला.

आम्ही मायलेकी त्यांच्या घरापुढच्या खळ्यात उभ्या होतो. अक्षता तेव्हा चौथीत होती. मास्तरांनी वर्गात सांगितलं होतं, आपल्या सरपंचांना भेटा, त्यांची कामं विचारा आणि वहीत लिहून आणा. बाकीच्या पोरांनी एकमेकांचं बघून काहीतरी खरडलं असणार, पण आमची लेक माझ्यावर गेलेली. माझा नवरा मला 'चौकशी खिडकी' म्हणतो. एसटी स्टँडवर गेले की गाडी कुठली, उशीर का, मधे थांबणार कुठे, ड्रायव्हर जेवला का, हे सगळं विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. अशा आईच्या पोरीला सरपंच सापडल्यावर ती थोडीच सोडणार?

"काम ना?" तात्या म्हणाले. "सही."

तिनं लिहिलं. "आणखी?"

"झेंडावंदन."

"आणखी?"

"कोण मोठा पाहुणा आला तर त्याला शाल नि नारळ."

"आणखी?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. वासुदेव बने हे त्यांचं नाव, पण अख्खी धामेळी त्यांना तात्याच म्हणायची. गावचे पहिले मानकरी, आणि पंचायतीच्या तीन निवडणुकांपासून सरपंच. गावात कोणी त्यांच्यापुढे मान वर करून बोलत नसे. आणि ही एवढीशी चिमुरडी पेन्सिल रोखून उभी.

"पऱ्यावर साकव बांधायचं काम कोणाचं?" तिनं विचारलं. पऱ्या म्हणजे आमच्या वाडीखालचा ओढा, आणि साकव म्हणजे त्यावरचा छोटा पूल.

"ते आमदारांचं."

"आमदार आले होते तेव्हा आईनं त्यांना विचारलं. ते म्हणाले, सरपंचांना सांगा."

"मग ते वरून येतं."

"वरून म्हणजे कुठून?"

तात्यांनी आडकित्ता खाली ठेवला आणि घराकडे तोंड करून ओरडले, "अगो, ह्या पोरीला एक लाडू दे बघू आधी!"

अक्षता लाडवामागे आत गेली. मला हसू आवरेना. मला वाटलं तात्या रागावतील, पण तेही हसायला लागले.

"खरं सांगू, सुगंधा? मलाच ठाऊक नाय," ते हळू आवाजात म्हणाले. "देवीनं मला खुर्चीवर बसवलं. बसून करायचं काय, ते तिनं सांगितलं नाय, नि मी कोणाला विचारलं नाय. ग्रामसेवक कागद पुढे करतो, मी सही करतो. माझी हौस कलमांची गो. हापूसची कलमं बांधावी, विकावी, एवढंच मला येतं. पण कौल झाला. देवीला नाय कोण म्हणणार?"

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी 'सही'वर लाल फुली मारली आणि पुस्तकातलं उत्तर लिहून घ्यायला लावलं. संध्याकाळी मी तांदूळ निवडत होते आणि अक्षता मोठ्यानं पाठ करत होती. दिवाबत्ती, पिण्याचं पाणी, आरोग्य, गावातले रस्ते आणि साकव यांची बांधणी व दुरुस्ती.

"काय म्हणालीस? परत वाच," मी म्हटलं.

"रस्ते आणि साकव यांची बांधणी व दुरुस्ती."

माझे हात सुपातच राहिले. पुस्तकाला जे ठाऊक होतं ते आमच्या सरपंचांना ठाऊक नव्हतं! आणि मलाही नव्हतं, हे आधी कबूल करायला हवं. मीही आमदारांच्याच मागे लागले होते ना.

हा साकव माझ्या डोक्यात का घुसून बसला होता, ते सांगते. आमची वाडी सड्यावर, वरच्या कातळाच्या पठारावर. सडेवाडी. खाली गाव, मधे पऱ्या. उन्हाळ्यात पऱ्या म्हणजे नुसते धोंडे, कोणीही उड्या मारत पार होईल. पण पावसाळ्यात तो असा फुगतो की गुरंसुद्धा काठावर उभी राहून हंबरतात. वाडीत चौथीपर्यंत शाळा होती. पाचवीला पलीकडे जायचं. म्हणजे पावसाळाभर निम्मे दिवस घरी. आमच्या वाडीतल्या मुली चौथी झाल्या की घरीच बसत, ते काही कोणाच्या मनात खोट होती म्हणून नव्हे, या पऱ्यामुळे.

नवरा मुंबईला कंपनीत. त्यानं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "पाचवीला अक्षताला ताईकडे नालासोपाऱ्याला ठेवू. तिथे शाळा चांगली आहे."

"आणि मी?"

"तू गावी. आईला कोण बघणार?"

त्याचंही चूक नव्हतं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. पण नणंदेची ती एक खोली, त्यात पाच माणसं, आणि कोपऱ्यात माझी पोर झोपणार, हे डोळ्यांपुढे आलं की घास घशाखाली उतरायचा नाही. जूनच्या आत साकव झाला नाही तर माझी मुलगी जाणार, एवढं सरळ होतं.

आमच्या शेजारच्या सोनूकाकीला मी विचारलं होतं, "काकी, तुमच्या वेळी काय करायचे हो?"

"आमच्या वेळी?" काकी म्हणाली. "गावचे बाप्ये पोफळीची खोडं आणून साकव घालायचे दर वर्षी. मग पंचायत आली. म्हणाले, आता सरकार घालील. तेव्हापासून बसलोय वाट बघत."

त्याच सुमाराला पंचायतीची निवडणूक लागली.

आमच्या धामेळीची एक रीत होती आणि गावाला तिचा कोण अभिमान! गावात मतदान कधी झालंच नव्हतं. दिल्लीसाठी आणि मुंबईसाठी मतं द्यायला आम्ही रांगेत उभे राहायचो, पण पंचायतीला नाही. पंचायतीची माणसं वाघजाई देवी नेमायची. गाव देवळात जमायचा, मानकरी गाऱ्हाणं घालायचे, नाव सांगायचे, आणि गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या फुलाची एकेक पाकळी चिकटवायचा. उजवी पाकळी आधी पडली की देवीचा होकार. डावी पडली की नकार. होकार मिळालेली माणसंच फक्त अर्ज भरायची. निवडणूक बिनविरोध. आजूबाजूच्या गावांत डोकी फुटायची आणि आमच्याकडे नारळ फुटायचे. तालुक्याचे साहेबही कौतुक करायचे.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघत होते. मलाही ते छान वाटायचं. देवीवर माझा विश्वास आहे, तेव्हाही होता. पण डोक्यात एक किडा शिरला. आमचा प्रभाग म्हणजे सडेवाडी आणि खालची वाडी मिळून. या खेपेला तिथली जागा बायकांसाठी राखीव. तरी सडेवाडीचं माणूस पंचायतीत कधीच कसं नसतं? देवीला काय सडा चढवत नाही?

शेवटी एका सकाळी मी देवळात गेले. केशव गुरव समया घासत बसला होता.

"केशवदादा, एक विचारू?"

"तू विचारल्याशिवाय राहणार हायस काय?"

"देवीनं सड्यावरच्या कोणाला कधी नकार दिलाय का हो?"

त्यानं जरा आठवून बघितलं. "नाय बुवा."

"होकार?"

"तोही नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, सड्यावरचं नाव कोणी घेतलंच नाय कधी. देवी विचारलेल्याचं उत्तर देते गो. न विचारलेलं ती कशाला सांगेल?"

"आणि नाव कोण घेतं?"

"मानकरी."

"त्यांना ती नावं कोण सांगतं?"

केशवदादानं समई उचलून उजेडात धरली, जणू तिच्यावर डाग शोधतोय. "ते त्यांच्या खळ्यात ठरतं," तो म्हणाला. "मी आपला पाकळ्या लावणारा."

मी तिथेच खांबाला टेकून बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं की देवी निवडते. आणि देवीपुढे तर एकच नाव जायचं! हे म्हणजे सुनेला विचारायचं, भात खाणार का, आणि घरात भाताशिवाय दुसरं काही शिजवायचंच नाही. मला राग आला नाही, खरं सांगते. मला गंमतच वाटली. मग हळूहळू राग आला.

तशीच उठले आणि तात्यांकडे गेले. ते कलमांना पाणी घालत होते.

"तात्या, आमच्या प्रभागातून देवीपुढे कोणाचं नाव ठेवताय?"

"निर्मलाचं."

निर्मला म्हणजे त्यांची भावजय, खालच्या वाडीतली. बाई स्वभावानं सोन्यासारखी, पण वर्षातले आठ महिने मुलाकडे ठाण्याला.

"माझंही ठेवा ना. देवी ठरवील."

"नावं ठरली, सुगंधा."

"ठरली? मग देवीला काय विचारताय?"

तात्यांनी झारी दाणकन खाली आपटली. "तोंड सांभाळ! देवीचा विषय हाय हा. रीत हाय गावची. आज तू विचारशील, उद्या दुसरा विचारील, मग आपल्याकडे पण डोकी फुटतील. ते हवंय तुला?"

त्यांचं भय खोटं नव्हतं. शेजारच्या गावात निवडणुकीपायी दोन सख्ख्या भावांनी एकमेकांच्या घरचं पाणी सोडलं होतं. मी परत निघाले तर मागून ते म्हणाले, "त्या पोरीचं काय झालं? मास्तरांनी काय दिले मार्क?"

"तुमच्या उत्तरावर फुली मारली त्यांनी."

"हात्तिच्या!" ते म्हणाले, आणि झारी उचलून पुन्हा कलमांकडे वळले.

कौलाच्या दिवशी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. पुरुष मधे मांडवात, आम्ही बायका कडेच्या पडवीत. सोनूकाकी माझ्या शेजारी, तिच्या मांडीवर अक्षता. मी काय करणार ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार काय, मलाच ठाऊक नव्हतं!

तात्या उठले, देवीपुढे उभे राहिले. डोक्याला टॉवेल बांधला, हात जोडले. गाऱ्हाण्याला गावात तात्यांसारखा आवाज नाही.

"बा देवी माये! आज तुझी लेकरं तुझ्या पायाशी जमली…"

"होय महाराजा!" गाव म्हणाला.

"कोणाचं काय चुकलंमाकलं असेल, ते पोटात घाल…"

"होय महाराजा!"

"आता पहिल्या प्रभागातून…"

"तात्या," मी म्हटलं. आवाज माझाच होता का, मला शंका आली. "तात्या, देवीला आधी एक विचारायचंय."

सगळी मुंडकी फिरली. कोणीतरी मांडवातून ओरडलं, "देवीपुढे बायकांनी बोलायची रीत नाय!"

"का रे मेल्या?" सोनूकाकी तिथूनच म्हणाली. "देवी काय बाप्या हाय?"

पडवीत खसखस पिकली, आणि तेवढ्यात मला उभं राहता आलं. मी हात जोडले, तात्यांना नाही, देवीला.

"मला देवीशी भांडायचं नाही. माझं नाव घ्या असंही मी म्हणत नाही. मला एवढंच कळून घ्यायचंय, की हे काम देवीला करायचंय का? आजपर्यंत आपण तिला विचारलं, अमका चालेल का, तमका चालेल का. पण पंचायतीची माणसं तिनं निवडायची की आपण, हे तिला कोणी कधी विचारलंय का?"

नुसता गलका झाला. एक म्हणाला, हिला खाली बसवा. दुसरा म्हणाला, देवी कोपेल. आणखी कोणी माझ्या नवऱ्याचं नाव काढलं, तो असता तर ही अशी बोलली नसती. अक्षतानं माझा पदर घट्ट धरून ठेवला होता. मला वाटलं, संपलं, आता गावात तोंड दाखवायला जागा नाही.

तात्या मात्र देवीकडे बघत होते. प्रश्न घालण्याचा मान त्यांचा. त्यांच्याशिवाय देवीला कोणी काही विचारू शकत नव्हतं. त्यांनी नुसतं 'पहिल्या प्रभागातून' असं पुन्हा म्हटलं असतं, तरी माझा विषय तिथेच मिटला असता.

त्यांनी हात वर केला. गाव गप्प झाला.

"बा देवी माये," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता, जरा फाटलेला होता. "तुझ्या नावानं आजवर आम्ही पंचायत नेमली. मलाही तूच नेमलंस. पुढंही माणसं तूच नेमणार असशील तर उजवी दे. आमचं आम्ही नेमायचं असेल तर डावी दे."

"होय महाराजा!" गाव सवयीनं ओरडला. आणि मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले, की आपण कशाला हो म्हणालो?

केशवदादानं पाकळ्या लावल्या. तो मागं सरकला.

आम्ही बघत राहिलो. पाकळी पडायला एरवी फारसा वेळ लागत नसे. या खेपेला उजवीही हलेना आणि डावीही हलेना. कोणाचं तरी मूल रडलं, आईनं त्याला पाजायला घेतलं. समईची वात चरचरली. मांडवातल्या पुरुषांनी पाय बदलले. पाकळ्या आपल्या देवीच्या खांद्यांवर, जिथल्या तिथं.

"तात्या, परत घालू का गाऱ्हाणं?" केशवदादानं विचारलं.

"नको. थांब."

थांबलो. उन्हं देवळाच्या पायरीवरून खाली उतरली, तरी पाकळी पडेना. शेवटी केशवदादा कपाळाचा घाम पुसून म्हणाला, "देवी बोलत नाय."

"म्हणजे काय समजायचं?" कोणीतरी विचारलं. "कोपली की काय?"

तात्यांनाही सांगता येईना. गावात असं कधी घडलंच नव्हतं. तेव्हा सोनूकाकीनं अक्षताला मांडीवरून उतरवलं आणि गुडघ्यांवर हात ठेवून कशीबशी उठली.

"एवढे शहाणे बाप्ये, नि एवढं कळत नाय?" ती म्हणाली. "सून रोज येऊन सासूला विचारते, आज भाजी कसली करू, भाजी कसली करू. सासू एक दिवस बोलते, दोन दिवस बोलते. तिसऱ्या दिवशी गप्प बसते. म्हणजे काय ती कोपली? म्हणजे, तुझं तू बघ, मला रोज काय विचारतेस!"

आधी बायका हसल्या. मग पुरुष. केशवदादा तर खांब धरून हसत होता. आणि तात्यांचे खांदे हलताना मी मागून पाहिले. त्यांनी डोक्याचा टॉवेल सोडला, तोंड पुसलं, आणि देवीला लोटांगण घालून उठले.

"देवीनं सांगितलंय, तुमचं तुम्ही बघा," ते म्हणाले. "ज्याला उभं राहायचं त्यानं राहा. मी राहणार नाय. मला माझी कलमं बघायचीत."

अशी आमच्याकडे पहिली निवडणूक झाली. डोकी काही फुटली नाहीत, पण गंमत मात्र बरीच झाली. निर्मला माझ्याविरुद्ध उभी होती आणि रोज माझ्याच ओटीवर येऊन विचारायची, "सुगंधा, प्रचारात बोलायचं काय असतं गो?" मला तरी कुठं ठाऊक होतं? मी तिला अक्षताचं पुस्तक वाचून दाखवलं. मग आम्ही दोघी एकाच धड्यावरून प्रचार केला. एका घरी ती आधी बोलायची, दुसऱ्या घरी मी. लोक दोघींना चहा द्यायचे आणि दोघींना होय म्हणायचे. थोड्या मतांनी मी निवडून आले. निर्मलानं माझ्या तोंडात साखर घातली आणि संध्याकाळच्या गाडीनं ठाण्याला गेली. नवऱ्याचा फोन आला. तो म्हणाला, "चौकशी खिडकी आता पंचायतीत का? बघू, जूनपर्यंत काय करतेस ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी नारळांचा हा ढीग! सडेवाडीतल्या बायका अंगणात उभ्या, हात जोडून. पुढे सोनूकाकी.

"हे काय, काकी?"

"आता तू हायस ना," ती म्हणाली. "आता आमचं सगळं तू बघ."

आणि सगळ्या निघून गेल्या. मी त्या नारळांकडे बघत उभी राहिले. मला वाटायला हवा होता आनंद, पण वाटली भीती. देवीनं ज्या जागेवर बसायला नकार दिला होता, तिथे यांनी मला नेऊन बसवलं होतं. तात्यांनाही असंच बसवलं असणार, आणि ते बसून राहिले. उद्या मीही सही करत बसणार होते का? मला एकदम तात्यांची कणव आली.

मग मी कोयता आणला. सगळे नारळ फोडले, खोबऱ्याचे तुकडे केले आणि घरोघरी वाटत फिरले. प्रत्येकीला एकच सांगितलं, "खोबरं खाल्लंस ना? आता ग्रामसभेला यायचं. तिथं साकवाचं तुम्ही विचारायचं. मी विचारून उपयोग नाही, मी तिकडे पुढे बसलेली असणार. विचारायचं गावानं."

"आम्ही काय विचारणार गो?" त्या म्हणायच्या. पण येतो म्हणाल्या.

ग्रामसभा शाळेच्या पडवीत होती. एरवी तिथं ग्रामसेवक, सरपंच आणि झोपलेलं एखादं कुत्रं असायचं. त्या दिवशी सडेवाडी सगळी आली, तिला बघून खालची वाडी आली, आणि काय चाललंय ते बघायला उरलेला गाव. मी नवे सरपंच आणि इतर सदस्यांबरोबर पुढे बसले. तात्या मागे, भिंतीला टेकून, बाकीच्या माणसांत.

ग्रामसेवक एकेक विषय वाचत गेला. प्रत्येक विषयानंतर मागून कोणी ना कोणी सवयीनं 'होय' म्हणे, आणि तो पुढचा विषय घेई. मी बायकांकडे बघत होते. त्या जमिनीकडे बघत होत्या. सोनूकाकी, देवळात गावाला हसवणारी सोनूकाकी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. देवापुढे तिला भय नव्हतं, पण टेबलापुढे होतं. मी तिला डोळ्यांनी खुणावलं. तिनं मान हलवली, नाय.

"आणखी कोणाचा काही विषय?" ग्रामसेवकानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघताच कागद आवरायला घेतले. "तर सभा संपली असं…"

माझ्या डोळ्यांपुढे नालासोपाऱ्याची ती खोली आली.

"थांबा," मागून आवाज आला. "मला एक विचारायचंय."

तात्या उभे राहिले होते. ग्रामसेवक गडबडला. "बोला ना, तात्या."

"पऱ्यावर साकव बांधायचं काम कोणाचं?"

अक्षता खिडकीत बसली होती, ती ताडकन सरळ झाली. तिचाच प्रश्न, जसाच्या तसा.

"ग्रामपंचायतीचं," ग्रामसेवक म्हणाला. "म्हणजे पंचायतीनं ठराव करायचा, वर पाठवायचा, पाठपुरावा करायचा. मग निधी मिळतो."

"असा ठराव आजवर कधी झाला?"

"नाही."

"का नाय?"

ग्रामसेवकानं सदस्यांकडे पाहिलं, मग परत तात्यांकडे. "कोणी मागितलाच नाही, तात्या."

"नि सरपंच कोण होता एवढी वर्षं?"

ग्रामसेवक खाली बघत होता.

"सांगा की. घाबरता कशाला? गावाला कळू दे."

"तुम्ही," ग्रामसेवक म्हणाला.

"हां. मी," तात्या म्हणाले. "मला ठाऊक नव्हतं, नि मला कोणी विचारलं नाय. विचारलं ते एका पोरीनं, तर मी तिला लाडू दिला." ते मागून टेबलापाशी आले. "आता लिहा ठराव. मी मागतोय. हात कोण वर करतंय बघू."

पहिला हात सोनूकाकीचा वर गेला. मग सगळ्यांचे. या खेपेला आपण कशाला हो म्हणतोय ते प्रत्येकाला ठाऊक होतं. मी तोंडाला पदर लावून रडत होते, सदस्यबाई असून.

पक्का साकव व्हायला पुढे बराच काळ गेला, दोन पावसाळे आणि तालुक्याच्या असंख्य खेपा. पण त्या मे महिन्यात तात्यांनी आपल्या बागेतल्या पोफळी तोडून दिल्या आणि गावानं पूर्वीसारखा कच्चा साकव घातला. नवरा सुट्टीवर आला होता, त्यानंही खोडं वाहिली. जायच्या दिवशी तो त्या साकवावरून दोनदा इकडून तिकडे चालला, मधे उभा राहून पाय आपटून बघितला आणि म्हणाला, "राहू दे तिला इथंच."

सभा संपली त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. पडवीच्या पायऱ्या उतरताना तात्या अक्षतापाशी थांबले.

"काय गो, ती वही हाय का अजून?"

"आहे."

"मग मास्तरांना सांग, सरपंचांना उत्तर सापडलं. जरा उशीर झाला म्हणावं."

"मार्क नाही मिळणार आता," अक्षता म्हणाली.

"नाय मिळाले तर नाय," तात्या म्हणाले, आणि कलमांना पाणी घालायला घरी गेले.